जुन्या गाडीची कुरकुर : पुढच्या सस्पेन्शनचा आवाज कसा शोधावा, कसा घालवावा



आपल्या मंडळाच्या संकेतस्थळावर सण-उत्सव, देवस्थाने, आरोग्य, मुलांचे शिक्षण या विषयांवर नेहमी लिहिले जाते. या वेळी आम्ही एक वेगळाच विषय घेतला आहे. बाजारहत्नूर, बोथ, इच्चोडा, गुडीहत्नूर या भागात आपल्यापैकी बऱ्याच घरांपुढे एखादी जुनी, उंच, सात-आठ माणसे मावणारी गाडी उभी असते. कुणाकडे सुमो, कुणाकडे बोलेरो, कुणाकडे स्कॉर्पिओ. सुमो १९९४ साली आली, बोलेरो २००० साली आणि स्कॉर्पिओ २००२ साली. पहिल्या पाच-सात वर्षांतल्या गाड्याही आपल्याकडे अजून चालतात. लग्नाला, शेतावर, आदिलाबादच्या दवाखान्यात, माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला, सगळीकडे त्याच जातात. आणि बहुतेक सगळ्या पुढच्या चाकापाशी कुरकुरतात.

आम्ही मेकॅनिक नाही. बी.कॉम. झालो, बँकेत लागलो आणि अधिकारी म्हणून निवृत्त झालो. परंतु दोन वर्षांपूर्वी आमच्या गाडीच्या कुरकुरीने आम्हाला जो धडा शिकवला तो आपल्यापुढे ठेवावा असे वाटते. त्यात आमची चूकही आहे आणि ती आम्ही लपवणार नाही.

काय झाले

पोळा झाला आणि पावसाने जरा उघडीप दिली, तेव्हा गाडीच्या पुढच्या बाजूने आवाज येऊ लागला. गतिरोधकावरून सावकाश गेले की 'कुर्र', उतरले की पुन्हा 'कुर्र'. सकाळी जास्त, दुपारी कमी. पाऊस पडला की दोन दिवस आवाज बंद, ऊन पडले की परत सुरू. आमच्या सौ. म्हणाल्या, "गाडी म्हातारी झाली, तुमच्यासारखीच कण्हते." आम्ही हसून सोडून दिले.

आमच्याकडे जुन्या जळक्या इंजिन ऑइलचा एक डबा होता. लहानपणी बैलगाडीच्या आसाला वंगण घालताना पाहिलेले. आस कुरकुरला की वंगण, हे डोक्यात पक्के. तेव्हा आम्ही चाकाच्या मागे हात घालून दिसेल त्या रबरावर ते ऑइल ओतले. आवाज चार दिवस गेला, पाचव्या दिवशी परत आला. असे तीन-चार वेळा केले.

मग एका गॅरेजवाल्याने गाडी नुसती दाबून पाहिली आणि सांगितले, "साहेब, दोन्ही शॉकअप गेले." आम्ही दोन्ही बदलून घेतले. जवळजवळ सात हजार गेले. गाडी उसळायची थोडी कमी झाली हे खरे, पण गतिरोधक आला की 'कुर्र' होतेच.

नवरात्रात माहूरला जायचे ठरले होते. आम्ही दोघे, आमच्या थोरल्या वहिनी आणि शेजारची तीन वयस्कर माणसे, अशी सहा जणं. घाटाचा रस्ता. निघायच्या पाच दिवस आधी आमचा पुतण्या शेतातून आला. तो म्हणाला, "काका, शॉकअप बदलूनही आवाज तोच आहे, म्हणजे आवाज शॉकअपचा नव्हताच. मग कशाचा आहे ते न बघता घाटात न्यायची का गाडी?" ऐकून आम्ही खजील झालो. आयुष्यभर आम्ही दुसऱ्यांच्या खात्यात चूक सापडेपर्यंत ताळा सोडला नाही, आणि स्वतःच्या गाडीचा हिशेब जुळत नसताना नुसते पैसे भरत होतो.

आवाज हीच पहिली नोंद

दुरुस्तीच्या आधी आवाज ओळखायला शिकावे. सगळे आवाज एका जातीचे नसतात.

'कुर्र' किंवा 'चीं' असा कोरडा, ओढल्यासारखा आवाज असेल तर रबर धातूवर घासते आहे किंवा एखादा बॉल जॉइंट आतून कोरडा पडला आहे.

'खट', 'टक' असा आवाज असेल तर कुठेतरी ढिलेपणा आहे. बुश खाल्ले गेले असेल, लिंक सैल असेल किंवा जॉइंटमध्ये 'प्ले' आला असेल.

वेगाबरोबर वाढत जाणारी गुणगुण बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते. रस्ता चांगला असला तरी ती येते.

ब्रेक दाबल्यावर येणारी किंवा ब्रेक दाबल्यावर बदलणारी 'चीं' ब्रेक पॅडची असते. तिचा सस्पेन्शनशी संबंध नाही.

उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर येणारी किंकाळी पुष्कळदा पॉवर स्टिअरिंगच्या पट्ट्याची असते. इंजिन बंद करून तपासले की हा संशय निघून जातो.

वही घ्यावी आणि लिहून काढावे : आवाज कधी येतो, कोणत्या बाजूने, थंडीत की उन्हात, पावसानंतर बदलतो का, वळताना येतो का, ब्रेक लावल्याने फरक पडतो का. आपला आदिलाबाद जिल्हा तेलंगणातल्या सर्वांत थंड भागांपैकी आहे. थंडीत रबर कडक होते, म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे कुरकुर जास्त ऐकू येते. पावसाने आवाज बंद होत असेल तर पाण्याने तात्पुरते वंगणाचे काम केले असे समजावे. म्हणजे उघड्यावरची कोरडी जागा घासते आहे. ही फार उपयोगी खूण आहे आणि आमच्या डोळ्यांसमोर बरेच दिवस असूनही आम्ही ती वाचली नाही.

पुढच्या चाकामागे काय काय असते

जुन्या जीपला पुढे-मागे दोन्हीकडे पाटेच असत. बँकेत असताना वसुलीसाठी आम्ही अशा जीपमधून खेड्यापाड्यांत फिरलो आहोत. नंतरच्या गाड्यांत मागे पाटे राहिले, पण पुढे प्रत्येक चाक स्वतंत्र झाले. बोलेरोत पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे आहेत. काही गाड्यांत पुढे स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार असतो, म्हणजे पीळ घेणारी लांब सळई.

चाक चॅसीला दोन आडव्या हातांनी जोडलेले असते : वरचा 'अप्पर आर्म' आणि खालचा 'लोअर आर्म'. या हातांचे चॅसीकडचे टोक रबरी बुशांवर हलते, चाकाकडचे टोक बॉल जॉइंटवर. बॉल जॉइंट म्हणजे आपल्या खांद्याच्या सांध्यासारखा : वाटीत बसलेला गोळा, आत ग्रीस आणि वरून रबरी टोपी. डावी-उजवी चाके जोडणारी आडवी सळई म्हणजे स्टॅबिलायझर बार. वळणावर गाडी एका बाजूला कलू नये म्हणून ती असते. ती चॅसीला इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराच्या रबरांनी धरलेली असते आणि टोकांना लिंकने आर्मला जोडलेली असते. याशिवाय शॉकअप, त्याचे वरचे-खालचे रबर, स्प्रिंगखालचे रबरी पॅड आणि स्टिअरिंगचे टाय रॉड एंड.

म्हणजे एका बाजूला आवाज करू शकतील अशा आठ-दहा जागा झाल्या. अंदाजाने एकेक भाग बदलत गेलो तर खिसा रिकामा होतो आणि आवाज राहतो.

आपल्या भागात हे भाग लवकर का जातात, तेही सांगतो. आपली जमीन काळी. पावसाळ्यात चिकट चिखल चाकामागे थापला जातो, उन्हाळ्यात तो वाळून दगडासारखा होतो. आर्म वर-खाली होताना हा वाळलेला थर बॉल जॉइंटच्या रबरी टोपीवर घासतो आणि टोपीला चीर पाडतो. चिरेतून बारीक धूळ आत जाते, पुढच्या पावसात पाणी जाते, ग्रीस धुऊन निघते आणि गोळ्याला गंज चढतो. डी-बुशात धूळ शिरली की ती पॉलिश पेपरसारखे काम करते.

आधी सुरक्षितता

पुढची तपासणी करण्यापूर्वी एवढे पाळावेच. गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करावी, शेतात किंवा मुरमावर नाही. हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ओट लावावी. जॅकवर उचललेल्या गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही शिरू नये. लोखंडी स्टँड चॅसीखाली लावावेत. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे आधाराला ठेवू नयेत. भार आल्यावर ते वाकत नाहीत, एकदम फुटतात. स्टँड नसेल तर गॅरेजला जावे. यात कमीपणा नाही.

कॉइल स्प्रिंग काढण्याचे काम घरी करू नये. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाला ठार करण्याइतकी ताकद असते.

घरच्या घरी तपासणी : एका वेळी एकच जागा

पहिली पायरी, गाडी दाबून पाहणे. इंजिन बंद. एकाने पुढचा एक कोपरा जोर देऊन खाली दाबावा आणि सोडावा. गाडी वर येऊन एखाद-दीड हेलकाव्यात स्थिर झाली तर शॉकअप काम करतो आहे. डोलतच राहिली किंवा शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओघळ दिसला तर तो गेला. शॉकअप बदलायचे झाल्यास एका अक्षावरचे दोन्ही एकदम बदलावेत. मात्र शॉकअप खराब असणे आणि कुरकुर शॉकअपची असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमची चूक इथेच झाली.

दुसरी पायरी, ऐकणे. एकाने गाडी हलवत राहावे, दुसऱ्याने चाकामागे कान द्यावा. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक एकेका सांध्याच्या धातूवर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावली की डॉक्टरच्या नळीसारखे ऐकू येते. बोटे हलकेच सांध्यावर ठेवली तर कुरकुर हाताला कंप म्हणून लागते. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत आणि आर्मच्या फटीत बोटे घालू नयेत.

तिसरी पायरी, पाण्याची परीक्षा. इस्त्रीच्या वेळी पाणी शिंपडायची फवारणीची बाटली घ्यावी. गाडी हलवत असताना फक्त एकाच जागी साधे पाणी मारावे : आधी डी-बुश. फरक नाही? मग लिंकचे रबर. मग लोअर आर्मचे बुश. मग शॉकअपचे रबर. ज्या जागी पाणी पडताच आवाज थांबतो किंवा बदलतो ती जागा दोषी. साधे पाणी एवढ्यासाठी की ते वाळून जाते आणि रबराला इजा करत नाही. चारही ठिकाणी एकदम मारले तर काहीच कळणार नाही.

आमच्या पुतण्याने डाव्या बाजूच्या डी-बुशावर पाणी मारले आणि आवाज निम्मा झाला. निम्मा, पूर्ण नाही. आम्ही म्हणालो, "सापडलं." तो म्हणाला, "काका, अर्धाच सापडला. बाकीचा अर्धा कुठाय?" बँकेत आमच्या हाताखाली असता तर त्याला बढती दिली असती.

चौथी पायरी, चाक उचलून ढिलेपणा पाहणे. ही सर्वांत महत्त्वाची, आणि इथे जॅक कुठे लावतो यावर सगळे अवलंबून आहे. ज्या गाडीत स्प्रिंग किंवा टॉर्शन बारचा भार लोअर आर्मवर असतो, तिथे गाडीचे वजन खालचा बॉल जॉइंट वाहतो. अशा गाडीत जॅक चॅसीखाली लावला तर स्प्रिंग आर्मला खाली रेटते, बॉल जॉइंट ताणून घट्ट बसतो आणि ढिला असूनही ढिला दिसत नाही. म्हणून जॅक लोअर आर्मखाली, चाकाच्या जितका जवळ जमेल तितका लावावा आणि चाक जमिनीपासून दोन बोटे उचलावे. डस्टरसारख्या गाडीत मॅकफर्सन स्ट्रट असतो, तिथे उलट : जॅक बॉडीखालच्या ठरलेल्या जागी लावून चाक मोकळे लोंबू द्यावे.

मग टायरखाली पहार घालून चाक हलकेच वर उचलून सोडावे. दुसऱ्याने विजेरी लावून बॉल जॉइंटकडे पाहावे. आर्म आणि चाकाकडचा भाग यांच्यात हालचाल दिसली की जॉइंट झिजला. मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. त्यापेक्षा जास्त असेल तर तो बदलायचाच.

त्यानंतर चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवावे. हलले तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर हलणे थांबले तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, तरीही हलत असेल तर बॉल जॉइंटचा. नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवल्यावर ढिलेपणा आला तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंगकडे पाहावे.

आमच्या गाडीचे डावे चाक बारा-सहावर हलले. ब्रेक दाबूनही हलले. टोपी पुसून पाहिली तर मागच्या बाजूने, जिथे सहसा नजर जात नाही तिथे, बोटभर चीर होती. आत ग्रीस नव्हते, तांबडा गंज होता. आणि टोपीचे रबर आमच्या जळक्या ऑइलने फुगून मऊ पडले होते. म्हणजे आम्ही औषध म्हणून जे घालत होतो त्याने दुखणे वाढवले होते.

हे दुर्लक्ष करण्यासारखे का नाही

डी-बुश कुरकुरला तर कानाला त्रास होतो, बाकी फारसे बिघडत नाही. बॉल जॉइंटचे तसे नाही. तो वाटीतून निसटला तर चाक आर्मपासून सुटून बाहेरच्या बाजूला आडवे होते, गाडीचा कोपरा खाली बसतो आणि स्टिअरिंगचा ताबा सुटतो. हायवेवर किंवा घाटात असे झाले तर काय होईल ते सांगायला नको. आपण सगळे निर्मलजवळच्या महबूब घाटातून जातो. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर ट्रक कसे धावतात तेही आपण रोज पाहतो.

गंमत अशी की दोन्ही दुखण्यांचा आवाज जवळजवळ सारखा. म्हणून 'जुनी गाडी आहे, कुरकुरणारच' असे म्हणून सोडू नये. आवाज कुणाचा आहे ते ठरवावे आणि मगच सोडायचे की नाही ते ठरवावे. कोरडा बॉल जॉइंट आधी कुरकुरतो, मग खटखटतो. खटखट सुरू झाली की गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा सावकाशच न्यावी.

दुरुस्ती

आम्ही इच्चोड्याच्या एका वयस्कर मिस्त्रीकडे गेलो. ते तेलुगू बोलणारे, आम्ही मराठी, मधली भाषा आपली नेहमीची दख्खनी हिंदी. आमची वही त्यांनी नीट वाचून घेतली आणि म्हणाले, "सार, आधा काम तो आपईच करके लाए." मग त्यांनी स्वतः पुन्हा सगळे तपासले. चांगल्या मिस्त्रीची ही खूण आहे. तो तुमच्या निदानावर विसंबत नाही आणि त्याचा अपमानही करत नाही.

त्यांच्याकडून जे शिकलो ते असे :

डी-बुश. ब्रॅकेट उघडून सळई तारेच्या ब्रशने घासावी. गंज आणि माती पूर्ण काढावी. नवा बुश सळईच्या जाडीप्रमाणेच घ्यावा, कारण एकाच गाडीच्या वेगवेगळ्या मॉडेलमध्ये ही जाडी वेगळी असू शकते. बुशाला ग्रीस लावायचे तर सिलिकॉन ग्रीस. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस नैसर्गिक रबराला फुगवते आणि कुजवते. चार दिवस आवाज जातो, महिन्याभरात बुश जातो. बाजारात पॉलियुरेथेनचे कडक बुशही मिळतात. ते टिकतात, पण कोरडे बसवले तर स्वतःच कुरकुरतात.

आर्मचे बुश. हे समजून घेण्यासारखे आहे. बुशाच्या आत-बाहेर लोखंडी नळी आणि मध्ये चिकटवलेले रबर असते. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर घसरत नाही, पीळ खाते. म्हणून आर्मचा बोल्ट शेवटचा आवळताना गाडी चाकांवर, आपल्या वजनाने बसलेली असली पाहिजे. गाडी जॅकवर असताना, आर्म लोंबत असताना आवळला तर गाडी खाली उतरताच रबर कायमचे पिळलेले राहते. असा नवा बुशही लवकर फाटतो आणि कुरकुरतो. 'नवे बुश टाकले तरी आवाज आहे' अशी तक्रार पुष्कळदा यातूनच येते. गॅरेजमध्ये हे एकदा विनम्रपणे विचारावे.

बॉल जॉइंट. ज्या जॉइंटला ग्रीसचे निपल असते त्यात ठरावीक काळाने ग्रीस गनने ग्रीस भरावे, आणि निपल आधी पुसावे, नाहीतर त्यावरची माती आत ढकलली जाते. टोपी जराशी फुगली की थांबावे. जास्त भरले तर टोपी फुटते. निपल नसलेला जॉइंट बंद असतो. त्याची टोपी फाटली आणि आत पाणी-माती गेली की बदलणे हाच उपाय. आमचा बिनानिपलचा होता. डावा ढिला होता, उजव्याची टोपीही तडकलेली होती, म्हणून दोन्ही बदलले.

बसवताना खाचांचा नट असेल तर तो सांगितलेल्या दाबाने आवळतात आणि पिनचे भोक जुळत नसेल तर नट पुढे नेऊन जुळवतात, मागे सैल करून नाही. स्प्लिट पिन नेहमी नवी घालतात. जुनी वाकवून परत वापरली तर ती केव्हा तुटेल सांगता येत नाही. दोन-चार रुपयांची ती पिन नटाला आणि पर्यायाने आपल्याला धरून ठेवते.

शेवटी व्हील अलाइनमेंट. आर्म, बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंडला हात लावला की ते करून घ्यावे. नाहीतर आवाज जाईल, पण टायर एका बाजूने खाल्ले जातील.

वर्षाचे वेळापत्रक

आता आम्ही वर्षातून दोनदा गाडीकडे पाहतो. पावसाळा संपला, कापूस वेचणीला आला की एकदा, आणि उन्हाळ्यात लग्नसराईच्या आधी एकदा. चाकामागचा चिखल पाण्याच्या साध्या धारेने धुऊन काढतो. फार जोराची धार थेट रबरी टोपीवर मारत नाही. विजेरी घेऊन सगळ्या टोप्या मागच्या बाजूने आरशात पाहतो. निपल असतील तिथे ग्रीस भरून घेतो. जळक्या ऑइलचा डबा मिस्त्रींना देऊन टाकला.

माहूरला आम्ही ठरल्या दिवशी गेलो. वहिनी पुढे बसल्या होत्या. घाटाच्या वळणावर त्या म्हणाल्या, "आज गाडी गप्प आहे हो." आम्ही हो म्हणालो. त्या चाकात पाच दिवसांपूर्वी काय होते ते त्यांना परत आल्यावरच सांगितले.

मंडळातल्या ज्या घरी जुनी गाडी असेल त्यांना एवढीच विनंती, की या रविवारी एक पाण्याची बाटली, एक वही आणि घरातले एखादे तरुण माणूस सोबत घेऊन पंधरा मिनिटे गाडी दाबून पाहावी. काही शंका वाटली तर चाक उचलून तपासणी मात्र जाणत्या मिस्त्रीसमोरच करावी. आणि आपल्या गाडीत आवाज कुठे सापडला ते पुढच्या बैठकीत जरूर सांगावे. आमच्या वहीत अजून बरीच पाने कोरी आहेत.